मदत हवी आहे : या वयात ज्ञानेश्वरी शिकवणारं कुणी आहे का?

मंडळी, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय 66. दर श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण करतो, 30 वर्षं झाली. 18 अध्याय, 9000च्या आसपास ओव्या. लाल फडक्यात बांधलेली पोथी, पहिल्या पानावर हळदीचा डाग.

परवा सातवीतल्या नातीनं पहिल्याच ओवीवर बोट ठेवलं. "आजोबा, स्वसंवेद्या म्हणजे काय?" मी चष्मा पुसत बसलो. कोशात बघितल्यावर कळलं, जो स्वतःच स्वतःला जाणतो तो. तीस वर्षं नुसता सूर लावला की वो! श्रद्धा खरी होती, पण विचारायचं राहूनच गेलं.

आता मुळाक्षरापासून शिकायचंय. एकांना विचारलं, तर म्हणाले "आता या वयात कशाला?" असो.

गंगावेश किंवा महाद्वार रोडच्या बाजूला ओवी-ओवी फोडून सांगणारं कुणी आहे का? सकाळी, तळमजल्यावर असेल तर बरं, गुडघे कुरकुरतात. शब्दार्थासह मोठ्या टायपातली प्रतही सुचवा. 1290 सालची मराठी, आपली आपण उलगडत नाही. नातही येणार म्हणते, तिला चालेल का तेही सांगा.