दुसरे अपील फेटाळले गेले. सर्वोच्च न्यायालयात जाण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी नागपूरला राहते आणि माझ्या 71 वर्षांच्या आईच्या वतीने हा प्रश्न विचारत आहे. काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत वडिलांच्या पश्चात आपला हिस्सा मिळावा म्हणून आईने वाटणीचा दावा केला होता. वडील हयात असतानाच तोंडी वाटणी झाली होती, असे चुलत्यांचे म्हणणे आहे. पहिल्या न्यायालयात निकाल आईच्या बाजूने लागला, पहिल्या अपिलात तो फिरला, आणि 41 दिवसांपूर्वी उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी आमचे दुसरे अपील फेटाळले. वाटणी झाली की नाही हा पुराव्याचा प्रश्न असून त्यात कायद्याचा सारभूत प्रश्न उद्भवत नाही, एवढाच त्या निकालाचा गाभा आहे.

निकालाची नक्कल हाती आली तेव्हा आईने ती चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिली. इंग्रजी तिला वाचता येत नाही. शेवटच्या पानामागच्या शिक्क्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तीन तारखा आहेत; त्यांवर बोट ठेवून "दिल्लीला जायचं तर यातली कोणती तारीख धरायची?" असे तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

दिल्लीचे न्यायालय म्हणजे सगळे न्यायमूर्ती एका रांगेत बसून साक्षीपुरावा पहिल्यापासून तपासतात, अशी तिची समजूत आहे. शरद बोबडे आणि भूषण गवई ही आपल्या विदर्भातली माणसे सरन्यायाधीश झालेली तिने पाहिली आहेत, त्यामुळे ते न्यायालय तिला परकेही वाटत नाही. मी मात्र जसजशी वाचत गेले, तसतसे चित्र निराळे दिसू लागले. 1950 मध्ये सरन्यायाधीशांसह आठ न्यायमूर्तींची तरतूद असलेल्या या न्यायालयाची मंजूर संख्या 2019 मध्ये 34 करण्यात आली. तरी आमच्यासारखे प्रकरण सहसा दोन न्यायमूर्तींपुढेच येते, आणि किमान पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ बसते ते घटनेचा अर्थ लावण्याच्या सारभूत प्रश्नासाठी. राज्यघटनेच्या कलम 136 खालील अनुमती, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करू देण्याची विशेष परवानगी, हा पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे, हेही वाचले.

मग तेथे पुरावा पुन्हा पाहिला जाईल, ही आईची आशा धरावी की नाही? एका वयस्कर साक्षीदाराने "भाऊ वेगळे झाले होते" असे सांगितले आणि मुख्यतः त्या वाक्यावर वाटणी सिद्ध धरली गेली. आमच्या घरात वेगळी झाली होती ती चूल. सातबारा शेवटपर्यंत सामाईक राहिला. याचिका सुरुवातीलाच फेटाळली गेली तर पुढे काय उरते, आणि दिल्लीचा खर्च न झेपणाऱ्या बाईला काही आधार मिळतो का, हेही कृपया कोणी सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त वकील, नागपूर)

ताई, आधी तारखेचे पाहू. विशेष अनुमती याचिकेसाठी उच्च न्यायालयाच्या निकालापासून 90 दिवसांची मुदत असते. नक्कल मिळण्यात गेलेल्या दिवसांच्या भरवशावर राहू नका. निकालाचीच तारीख धरा, म्हणजे तुमच्याकडे 49 दिवस आहेत. एकल न्यायमूर्तींचा निकाल असल्याने कलम 133 चा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या प्रमाणपत्रावर थेट अपिलाचा मार्ग तुम्हाला नाही, 136 हाच आहे.

सर्वोच्च न्यायालय हे तिसरे अपील नव्हे, हे आईंना आजच समजावून सांगा. सगळा पुरावा पुन्हा तोलला जाईल अशी आशा धरू नये. मात्र चूल वेगळी होणे म्हणजे जमिनीची वाटणी नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केलेले आहे. निष्कर्ष खरोखरच त्या एका वाक्याच्या चुकीच्या अर्थावर उभा असेल, तर तो कायद्याचा प्रश्न म्हणून मांडता येतो, आणि याचिकेत तेवढाच मुद्दा ठळक असावा. वीस मुद्दे घातले की मूळ मुद्दा बुडतो, हे मी माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

याचिका सुरुवातीलाच फेटाळली गेली, तर त्याचा अर्थ उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली असा होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या 2000 च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. तुमच्या हाती मात्र तेव्हा पुनर्विलोकनाचा, म्हणजे दिलेला आदेश पुन्हा तपासून पाहण्याच्या विनंतीचा, अरुंद मार्गच उरेल. नुसती याचिका दाखल केल्याने जमिनीच्या ताब्याला संरक्षण मिळत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. वकिलांपैकी तेथे याचिका दाखल करण्याचा अधिकार फक्त ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात त्यासाठी नोंदणी झालेल्या वकिलाला असतो. खर्चाचे म्हणाल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्याची पात्रता आहे; दिल्लीतील सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे आईंच्या नावे अर्ज करा.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. अर्ज याच आठवड्यात करते. एक शंका उरली आहे. साक्ष मराठीत नोंदलेली आहे आणि दिल्लीत ती इंग्रजीतच द्यावी लागेल. "वेगळे झाले" याचे भाषांतर करताना चूल की जमीन हा निवाडा भाषांतरकारानेच करून टाकला, तर आमचा मुद्दा तेथेच संपेल. मूळ मराठी वाक्य भाषांतराशेजारी जसेच्या तसे ठेवता येते का?