मल्टी-स्प्लिट हीट पंप: बंद खोली तापते, चालू खोली गारच

उबदार_वारा

घरी हीट पंप आहे, म्हणजे गार-गरम दोन्ही करणारा एसी. एका आउटडोअरवर चार इनडोअर आहेत. आउटडोअर 8 किलोवॉटचं. इनडोअर हॉलला 5, मोठ्या आणि मधल्या बेडरूमला प्रत्येकी 2.5, अभ्यासाच्या खोलीला 2 किलोवॉट. गॅस आर-32. उन्हाळ्यात कूलिंगची काही तक्रार नव्हती, पण तेव्हा बहुतेक वेळा चारही एकदम चालू असायची. हीटिंग आता पहिल्यांदाच वापरतोय.

हॉल 22 वर लावला तरी पहाटे 19 च्या पुढे सरकत नाही. मधली बेडरूम रिमोटने बंद असूनही कधी कधी 26 पर्यंत तापते. अभ्यासाची खोली एकटी चालू केली तर झोताची पट्टी उघडते, पंखा मात्र सुरूच होत नाही, आणि थोड्या वेळाने आउटडोअरही थांबतं. सगळी चालू असली की तीच खोली व्यवस्थित गरम होते. फिल्टर धुऊन झाले, एरर कोड कुठेच नाही. टेक्निशियनचं म्हणणं गॅस कमी आहे, थोडा भरून देतो. भरून घ्यावा का?

फ्लेअरनट

नका भरून घेऊ. निदान आत्ता तरी नको.

गॅस कमी असला तर त्रास चारही खोल्यांना होतो, लांबच्या पाइपवाल्या खोलीला थोडा आधी. कूलिंगमध्ये कॉइलच्या (इनडोअरमधल्या पत्रे लावलेल्या पाइपांच्या जाळीच्या) सुरुवातीच्या भागावर बर्फ धरतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते. तुमची अभ्यासाची खोली सगळ्यांबरोबर नीट चालते आणि एकटी असली की मरते, हे गॅसचं लक्षण नाही. शिवाय इन्व्हर्टर मल्टीमध्ये कॉम्प्रेसरचा वेग आणि व्हॉल्व्ह सतत बदलत असतात, त्यामुळे गेज लावून प्रेशर बघत 'थोडा भरणं' म्हणजे अंदाजपंचे. मशीनमध्ये किती गॅस आहे हे खात्रीने कळण्याचा मार्ग एकच: सगळा काढा, व्हॅक्यूम करा, वजन करून भरा.

आधी एकेका खोलीची चाचणी घ्या. चारही युनिट रिमोटने बंद करून 15 मिनिटं थांबा. एमसीबी पाडू नका, संपर्क तुटला की आउटडोअर भलताच एरर दाखवतं. मग एकच खोली हीट मोडवर, सेटिंग 30, पंखा हाय. ऑटो मोड अजिबात नको. 15 मिनिटांनी चारही खोल्यांत जाऊन समोरचं झाकण उघडा, फिल्टर काढा आणि थर्मामीटरची तार कॉइलच्या पत्र्यांमध्ये खोचून आकडा लिहा. चालू खोलीत बाहेर येणाऱ्या हवेचंही तापमान घ्या. लेझरवाली बंदूक चकचकीत धातूवर खोटं सांगते. तीच वापरायची असेल तर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा.

आणि हो, आउटडोअरजवळचे पाइप मोजू नका. कोणता पाइप कुठल्या खोलीचा, हीच तर शंका आहे. तिथल्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवलात तर चाचणी वाया गेली.

उबदार_वारा

केली. बाहेर 4 अंश होतं.

हॉल एकटा: कॉइल 46, हवा 41. बाकी तीन कॉइल 28 ते 32.
मोठी बेडरूम एकटी: कॉइल 47, हवा 42. बाकी तशाच.
मधली एकटी: मधलीची कॉइल 29, अभ्यासाची 57!
अभ्यास एकटी: अभ्यासाची 27, मधलीची 59. साधारण सहा मिनिटांत आउटडोअर थांबलं, त्यामुळे त्याच वेळी आकडे घेतले.

हॉल चालू असताना बंद खोल्यांच्या कॉइल 30 अंशांवर कशा? तिथेही काही गळतंय का?

शून्य_मायक्रॉन

मधली आणि अभ्यास, या दोघींची अदलाबदल झाली आहे. पाइप एका पोर्टला (आउटडोअरवरच्या एका खोलीच्या जोडाला), वायर दुसऱ्या.

या मशीनमध्ये प्रत्येक पोर्टचा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) आउटडोअरमध्येच असतो. अभ्यासाच्या खोलीने उष्णता मागितली की तिची वायर ज्या पोर्टवर आहे त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. तो पाइप जातो मधल्या खोलीत. तिथला पंखा बंद, त्यामुळे गरम गॅसला उष्णता सोडायला वाव नाही. कंडेन्सिंग प्रेशर चढतं आणि संरक्षणासाठी आउटडोअर थांबतं. इकडे अभ्यासाची कॉइल गारच, म्हणून गार वारा अंगावर येऊ नये यासाठी तिचा पंखा सुरूच होत नाही. युनिट आपल्या परीने बरोबर वागतंय. चारही चालू असताना सगळेच व्हॉल्व्ह उघडे असतात, म्हणून चूक झाकली जाते. उन्हाळाभर कुणाच्या लक्षात आलं नाही ते याचमुळे. कूलिंगमध्ये एकटी खोली चालवली असती तर शेजारच्या बंद युनिटवर बर्फ धरला असता आणि मग पाणी ठिबकलं असतं.

30 अंशांच्या कॉइलची काळजी करू नका. हीटिंगमध्ये बंद खोलीचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटवत नाहीत, किंचित उघडा ठेवतात. मिटवला तर गरम गॅस त्या कॉइलमध्ये द्रव होऊन साचत जाईल आणि चालू खोल्यांना गॅस कमी पडेल. त्यामुळे बंद खोली एखाद-दोन अंश वर जाणारच. 26 नाही.

दुरुस्ती वायरच्या बाजूने करायची. पाइपला हात लावला तर गॅस आउटडोअरमध्ये गोळा करा, फ्लेअर (पाइपचे नटाने आवळलेले जोड) सोडा, पुन्हा व्हॅक्यूम, सगळाच उपद्व्याप. टेक्निशियनकडून असं करून घ्या: मेन बंद, किमान 10 मिनिटं थांबायचं, बोर्डावरचे कपॅसिटर उतरले की नाही हे मीटरने डीसी व्होल्टेज बघून खात्री करायची. 300 व्होल्टच्या वर भरलेले असतात ते. मग आउटडोअरच्या टर्मिनल पट्टीवर या दोन खोल्यांचे संच आपसात बदलायचे. संच म्हणजे पॉवरच्या दोन, सिग्नलची एक आणि अर्थ, सगळं एकत्र. घाईत नुसती सिग्नलची वायर बदलतात आणि मग संपर्काचा एरर येऊन बसतो, कारण सिग्नल त्याच संचातल्या पॉवर वायरच्या आधाराने वाचला जातो.

काही आउटडोअरच्या बोर्डावर वायरिंग तपासायचं बटण असतं, मशीन स्वतःच जुळणी करून लक्षात ठेवतं. पण बाहेर थंडी असली की ते बरेचदा चालत नाही आणि 4 अंशांत तर भरवसाच नको. टर्मिनलवर बदललेलं केव्हाही बरं, पुढे येणाऱ्याला वायर बघून कळतं तरी.

नंतर तीच चाचणी पुन्हा घ्या. मेन चालू करताना आउटडोअरचं बाजूचं झाकण उघडंच असेल तर कान द्या. सुरुवातीला प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःला शून्यावर आणतो, तेव्हा करर्र असा बारीक आवाज येतो आणि बोट टेकवलं तर थरथर कळते. चारांपैकी एखादा गप्प असेल तर त्याची विजेची कॉइल (खोलीतली नव्हे, व्हॉल्व्ह फिरवणारी) व्हॉल्व्हवर नीट बसलेली नाही किंवा प्लग ढिला आहे. कॉइल खाचेत टक् करून बसायला हवी, थोडी जरी फिरलेली असली तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. चारही कॉइलचा रेझिस्टन्स मोजला तर आकडे आपसात जुळायला हवेत.

उबदार_वारा

वायर बदलून घेतल्या, चाचणीत आता ज्याची त्याची कॉइल तापते. मधली बंद असताना 21 च्या आसपास राहते. मनापासून आभार.

दोन गोष्टी उरल्या. चारही चालू असताना हॉल पहाटे अजून 19-20 वरच. आणि अभ्यासाची खोली एकटी चालवली की 20 ते 24 असे हेलकावे खाते.

थर्मिस्टर

हॉलचं उत्तर तुमच्या पहिल्या परिच्छेदातच आहे. इनडोअरची बेरीज 12 किलोवॉट, आउटडोअर 8. चारही एकदम पूर्ण मागणी करतात तेव्हा हॉलच्या वाट्याला 8 गुणिले 5 भागिले 12, म्हणजे साधारण 3.3 किलोवॉट येतात, 5 नाही. त्यात हा 8 चा आकडा बाहेर 7 अंश असतानाचा. त्याखाली क्षमता उतरते, आणि शून्य ते 5 अंशांच्या दमट हवेत डिफ्रॉस्टही (आउटडोअरवरचा बर्फ वितळवणं) वारंवार होतो. तेव्हा गॅसची दिशा बदलणारा फोर-वे व्हॉल्व्ह उलटतो आणि पाच-दहा मिनिटं सगळ्याच खोल्यांची उष्णता थांबते. अशी जोडणी करणं चूक नाही, सगळ्या खोल्यांना एकाच वेळी पूर्ण मागणी क्वचितच असते. तुमची पहाट नेमकी ती वेळ आहे.

म्हणून रात्री बंद करून पहाटे चारही सुरू करणं सोडा. हॉल रात्रभर 19 वर चालू राहू दे, पहाटे आधी हॉल 22 वर न्या आणि तासाभराने बेडरूम.

अभ्यासाच्या खोलीची अडचण उलटी. एवढ्या आउटडोअरची किमान क्षमताच 2 किलोवॉटच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमधल्या तक्त्यात मिळेल. बंद दाराच्या लहान खोलीला टिकून राहायला एक किलोवॉटही पुरतो. कॉम्प्रेसर त्याहून हळू चालू शकत नाही, मग तो चालू-बंद खेळत बसतो. एकटी चालवण्यापेक्षा शेजारची खोली त्याच मोडमध्ये जोडीला घ्या. पंखा लो करू नका, ऑटोवर ठेवा. लो केला की कॉइल लवकर तापते आणि बंद पडणं आणखी वाढतं.

दुसरं कारण सेन्सर. भिंतीवरच्या युनिटचा सेन्सर छताजवळची हवा मोजतो आणि गरम हवा तिथेच साचते. टेबलाच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून रिमोटच्या आकड्याशी ताडून बघा. फरक रोजचाच 2-3 अंश असेल तर सर्व्हिस सेटिंगमध्ये हीटिंगची दुरुस्ती करता येते. रिमोटमधला सेन्सर वापरायची सोय असेल तर तो बसता त्या जागी ठेवा, मात्र त्यावर ऊन किंवा युनिटचा झोत यायला नको. फरक विचित्र असेल, आज 1 तर उद्या 5, तर थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) काढून मोजा. बहुतेक ठिकाणी 25 अंशांना 10 किलोओहम असतो, पण कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्या युनिटच्या थर्मिस्टरशी तुलना करणं सोपं.

झोताच्या पट्ट्या हीटिंगला खाली. बऱ्याच घरांत त्या कूलिंगच्या दिवसांसारख्या आडव्याच राहतात.

फ्लेअरनट

'शेजारची खोली जोडीला घ्या' हे हेलकाव्यांवर चालतं, पण नको असलेली खोली तापवण्याचं वीजबिल कोण भरणार? आधी दुसरं करून बघा. सेट तापमान गाठल्यावरही इनडोअरचा पंखा हळू फिरत राहतो का ते पाहा. फिरत असेल तर किंचित उघड्या व्हॉल्व्हमुळे कॉइलमध्ये येत राहणारी ऊब खोलीत ढकलली जाते आणि 22 चे 24 होतात. बऱ्याच युनिटमध्ये तेव्हा पंखा बंद ठेवायची सेटिंग असते. ती बदलून एक-दोन दिवस पाहा, मग जोडीचं ठरवा.

थर्मिस्टर

मान्य, पण अट आहे. पंखा पूर्ण थांबला की युनिटमधला सेन्सर कोंडलेल्या गरम हवेत बसतो, खोली गार झाली तरी त्याला उशिरा कळतं. हेलकावे मग वरून खाली जातात, एवढंच. रिमोटमधला सेन्सर वापरत असाल तरच पंखा बंद करा.

शून्य_मायक्रॉन

गॅसचा विषय राहायला नको म्हणून. इंस्टॉलेशनच्या वेळी जास्तीचा गॅस मोजून भरला होता का, हे विचारा. चारही खोल्यांच्या पाइपांची लांबी बेरजेने धरतात. समजा बेरीज 40 मीटर झाली, मशीन 30 मीटरपुरत्या गॅससह आलं आणि मॅन्युअलमध्ये मीटरमागे 20 ग्रॅम लिहिलेत, तर 200 ग्रॅम जास्तीचे. हा आकडा आउटडोअरच्या झाकणातल्या स्टिकरवर लिहिलेला असायला हवा. जागा कोरी असेल तर टेक्निशियनला सगळा गॅस काढून वजनावर भरायला सांगा. त्याआधी दोन्ही टोकांच्या सोळाही फ्लेअर जोडांवर साबणाचा फेस लावून बघा, तेलकट डाग दिसला तर तो जोड आधी. नट घट्ट करायचा तो टॉर्क पान्यानेच: पाव इंचीला 14 ते 18 न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशला 34 ते 42. हाताच्या अंदाजाने आवळलेली पाव इंची फ्लेअर बहुधा चिरते.