शिवण पक्की असूनही जोड गळतो

ऑपरेशनमध्ये आतड्याची दोन टोकं शिवून केलेला जोड गळला म्हणजे सर्जनची शिवण कच्ची होती, हे मत मला पटत नाही. 2015 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या जॉन अल्व्हर्डी यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की एन्टेरोकोकस फीकॅलिस हा एरवीही आतड्यात राहणारा जिवाणू जोडावरचं कोलॅजेन हे प्रथिन तोडून गळती घडवू शकतो. आणि नव्या जोडाला बळ मिळतं ते कोलॅजेनमुळेच.

माझ्या सासऱ्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन इथे पुण्यातच झालं. कोथरूडला घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप चढला, पोट दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा देत आम्ही अर्धा दिवस घालवला, त्याचं अजून वाईट वाटतं. सीटी स्कॅनमध्ये गळती निघाली. आतड्याच्या ऑपरेशननंतर घरी कुणाला असा ताप आला तर थांबू नका, लगेच सर्जनला फोन करा.