ळ असलेली नावं

कुणीतरी लिहिलंय की नावात ळ आला की ते नाव म्हातारं वाटतं, दोन अक्षरी गुळगुळीत नावं बरी. मला नेमकं उलटं वाटतं. मंगळा, तुळसा, बाळू असं कुणी हाक मारली की जीभ जरा मागं वळते आणि नावाला वजन येतं, मंगला म्हटलं की तेच नाव पावडर लावून आल्यासारखं. आणि आमच्या बेळगावकडं ळ चा फायदा पण आहे, कन्नडमध्येही ळ असल्यामुळं मंगळा दोन्हीकडं मंगळाच राहते, पण प्रज्ञा मात्र शाळेत हजेरीला प्रग्न्या होते आणि घरी आली की परत प्रद्न्या, माझ्या बहिणीनं दहा वर्षं दोन्हीला ओ दिलीय.

दुसरं असंच म्हातारं ठरवलेलं नाव म्हणजे यल्लव्वा, त्यात ळ नसला तरी. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेच रेणुका, पण पोरीचं नाव रेणुका ठेवलं तर "किती छान" आणि यल्लव्वा म्हटलं की लोक हसतात, देवी एकच की वो! कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, अक्का म्हणजे थोरली बहीण, नावातच नातं जोडलेलं, हाक मारली की आपोआप मान दिला जातो. आमच्या गल्लीत एकेकाळी तीन परशराम होते (यल्लम्माचा लेक ना, मग घरटी एक असणारच), म्हणून पिठाच्या गिरणीचा परश्या, लांबडा परश्या आणि नुसता परश्या. नुसता परश्या मीच.