ग्रामपंचायतीच्या कारभारावर लक्ष ठेवण्याच्या कामासाठी पैसा कोणाकडून घ्यावा?

प्रश्न : तालुक्यातील कार्यकर्ती

नमस्कार. आमची छोटी नोंदणीकृत संस्था मराठवाड्यातील एका तालुक्यात बचत गट आणि पाणलोटाचे काम करते. अलीकडे गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा होतो, ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडाही कागदावर तयार असतो. मात्र त्यात कोणती कामे धरली आणि ती कोणी सुचवली, हे ग्रामसभेला नंतर कळते, आणि बऱ्याचदा कळतही नाही. ग्रामसभेच्या आधी वस्त्यावस्त्यांवर बैठका घ्याव्यात, पंचायतींचे हिशेब दाखवणाऱ्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरचा खर्च लोकांना वाचून दाखवावा, महिला सभा खरोखर भरवावी, असे आम्हाला मनापासून वाटते. परंतु हे काम माणसांच्या वेळेवर चालते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागाने शाळेसाठी जलशुद्धीकरण यंत्र देण्याची तयारी दाखवली. गावात फिरणाऱ्या दोन कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी मात्र नकार दिला. सरकारी निधी घेतला तर त्याच सरकारच्या कारभारावर बोलता येईल का? परदेशी निधीचा विचार आमच्यासारख्या संस्थेने करावा का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : संस्थांचे हिशेब पाहणारा

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण अनेक संस्था निधी मिळाल्यानंतर तिच्याकडे वळतात आणि अडकतात. परदेशी निधीसाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे, आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी पुढे देण्यास पूर्ण मनाई आहे. तुमच्यासारख्यांच्या दृष्टीने या शेवटच्या तरतुदीचा फटका सर्वांत मोठा होता. पूर्वी पुण्या-मुंबईतील मोठी संस्था निधी मिळवी आणि तालुक्यातील छोट्या गटांना त्यातला वाटा देई. तो मार्ग बंद झाला. प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेतून क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचे वेतन वगळले जाते, परंतु ही सवलत मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थांनाच आहे.

सीएसआरचे म्हणाल, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम खर्च करायची असते. हा खर्च कोणत्या विषयांवर करता येतो ते सांगणाऱ्या अनुसूची 7 मध्ये ग्रामीण विकास प्रकल्प आहेत, पण उत्तरदायी कारभार असा स्वतंत्र विषय नाही. कंपनीला फलक लावता येईल असे काम हवे असते आणि ग्रामपंचायतीशी वाद नको असतो. म्हणून प्रस्तावात पाणी किंवा आरोग्य हा विषय धरून त्याच्या नियोजनात व देखरेखीत लोकसहभागाचा खर्च स्पष्टपणे मांडावा. तो लपवून मात्र ठेवू नये. पुढे लेखापरीक्षणात प्रश्न निघतो.

उत्तर : आरोग्य हक्काच्या कामातील कार्यकर्ता

सरकारी निधी घेऊन सरकारला प्रश्न विचारता येतात. महाराष्ट्रात 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे असे पाच जिल्हे निवडले होते आणि राज्य पातळीवरील समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. गावात बैठक होई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील सेवांना लोक हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत, आणि तो तक्ता घेऊन जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या जाहीर सुनावणीत, वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभे राहत. औषध केंद्रात असताना बाहेरून का आणायला सांगितले, परिचारिका वस्तीवर का येत नाही, असे थेट प्रश्न विचारले जात आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागे. या प्रक्रियेचा पैसा आरोग्य खात्याच्याच अभियानातून येत होता.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ज्या यंत्रणेवर देखरेख, तिच्याच हातात हप्ता सोडण्याचा अधिकार असेल, तर उशीर हेसुद्धा दबावाचे साधन होऊ शकते. निधी थकला की सर्वांत आधी गावातील कार्यकर्ता घरी बसतो, कारण त्याच्याकडे दुसरी सोय नसते. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात (कामांची आणि खर्चाची लोकांसमोर होणारी तपासणी) या अडचणीवर केलेला विचार मला मोलाचा वाटतो. 2011 च्या नियमांनुसार अंकेक्षण करणारी यंत्रणा अंमलबजावणी करणाऱ्यांपासून स्वतंत्र असावी असे ठरले, अविभाजित आंध्र प्रदेशाने त्यासाठी 2009 मध्येच वेगळी सोसायटी उभी केली होती, आणि पुढे केंद्राने योजनेवरील खर्चाच्या अर्धा टक्क्यापर्यंत रक्कम या कामासाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. तुम्ही जिल्हा परिषदेशी बोलणार असाल, तर आधी एवढेच विचारा : हप्ता कोण सोडणार, आणि आमचा अहवाल कोणाविरुद्ध जाऊ शकतो? दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर करार तसाच स्वीकारू नका.

उत्तर : ग्रामसभेचा जुना सदस्य

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु मला प्रश्नाचा क्रम बदलावासा वाटतो. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, पंचायतीची बिले आणि हजेरीपट लोकांसमोर वाचून दाखवले, आणि त्यातूनच पुढे माहिती अधिकाराची मागणी देशभर पोहोचली. ही संघटना परदेशी किंवा संस्थात्मक निधी घेत नाही. व्यक्तींच्या देणग्यांवर चालते, आणि पूर्णवेळ कार्यकर्ते किमान वेतनाइतके मानधन घेतात. प्रत्येकाने हाच मार्ग धरावा असे मी म्हणत नाही. दोन कार्यकर्त्यांच्या कुटुंबांचा खर्च वर्गणीवर भागत नाही, हे मला माहीत आहे.

पण कोणत्या कामाला पैसा लागतो आणि कोणत्या कामाला लागत नाही, हे वेगळे करून पाहा. रोकडवहीची पाने आणि कामाचे मापन पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) माहिती अधिकारात मागणे, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांची सूचना वेळेत निघाली का ते पाहणे, सभेत ठराव वाचून घेऊन मगच सही करणे, ही कामे गावातील सात-आठ जण स्वतःहून करू शकतात. जिथे कागद समजून घ्यायला प्रशिक्षण लागते, किंवा दूरच्या वस्तीवरच्या बाया-माणसांना सभेपर्यंत आणण्यासाठी सतत फिरावे लागते, तिथे मानधन द्यावे आणि त्यासाठीच निधी मागावा. आणखी एक : तुमच्या संस्थेचा स्वतःचा जमाखर्च, देणगीदाराच्या नावासह, त्याच ग्रामसभेत वाचून दाखवा. सरपंचांकडून प्रश्न येईलच, की तुम्हाला पैसे कोण देते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. एफसीआरएचा विचार सध्या सोडून देतो. कंपनीला आम्ही पुन्हा लिहू : यंत्र बसवाच, परंतु त्यासोबत दोन वर्षे पाणी समितीच्या बैठका आणि हिशेबवाचन यांचा खर्चही धरा. वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील अनुदानापैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, त्यामुळे त्या खर्चाच्या वाचनापासूनच सुरुवात करणे सोपे जाईल असे वाटते. संस्थेच्या जमाखर्चाचा विषय कार्यकारिणीपुढे ठेवते. काही जण नाराज होतील, तरी 2 ऑक्टोबरच्या सभेत तो वाचावा असा माझा आग्रह राहील. हिशेब पाहणाऱ्या सरांना एक विनंती : मानधनाची तरतूद प्रस्तावात कोणत्या शीर्षाखाली दाखवावी, हे जमल्यास सांगावे.

संस्थांचे हिशेब पाहणारा

‘प्रकल्प अंमलबजावणी – क्षेत्रीय मनुष्यबळ’ असे स्वतंत्र शीर्ष ठेवा, आणि प्रत्येक कार्यकर्त्याकडे कोणती गावे व महिन्याला किती बैठका आहेत ते सोबत जोडा. हजेरी आणि बैठकीचे इतिवृत्त यांवर गावातील दोघांची सही घ्या. कंपनीकडून विचारणा झाली तर हेच कागद पुढे करता येतील.