प्रति: पुरात बुडालेल्या गाडीचा दावा
'पाण्यात इंजिन सुरू केलंत' म्हणून विमा कंपनीनं दावा नाकारला तर तिला थेट कोर्टात खेचा, असं वरच्या एका उत्तरात सुचवलंय. जरा थांबा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं, तेव्हापासून आमच्याकडे अशा फायली येताहेत. वकिलाचं पहिलं काम टेबलावरच असतं: सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्याचा) रिपोर्ट, गॅरेजचं जॉबकार्ड (दुरुस्तीच्या कामाची नोंद), पाणी कुठवर चढलं त्याचे तारखेसह फोटो, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीचं जादा संरक्षण) घेतलंय का, हे पाहणं. सर्व्हेअरचा शब्द अंतिम नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ सालीच सांगितलंय. पण तो खोडायला दुसऱ्या जाणकाराचं लेखी मत लागतं, नुसता संताप चालत नाही.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद नाही लागली तर अहमदाबादचा विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी: ५० लाखांपर्यंतचे दावे, फी नाही, मुदत एक वर्ष. तिथे वकील चालत नाही (हे सांगून माझंच गिऱ्हाईक घालवतोय!). ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर मात्र लोकपाल हात लावत नाही. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही; पटला नाही तर आयोग आहेच. फक्त तिथली दोन वर्षांची मुदत हातची जाऊ देऊ नका.