‘स्टारसाइट’मधले परके सोबती
ब्रँडन सँडरसन यांच्या ‘स्टारसाइट’ (२०१९) या ‘स्कायवर्ड’ मालिकेतल्या विज्ञानकादंबरीत पहिल्या भागातले जॉर्गन आणि इतर वैमानिक सोबती फारसे दिसत नाहीत, ही तक्रार मान्य आहे, मला मात्र हा दुसरा भागच अधिक आवडला. डेट्रिटस ग्रहावरच्या गुहांत वाढलेली नायिका स्पेन्सा ज्या परग्रहवासीयांना केवळ शत्रू म्हणून ओळखत होती, त्यांच्याच शहरात ती वेषांतर करून राहते, आणि तिच्याबरोबर आपल्यालाही त्यांची भीती कळू लागते. जेमतेम वीतभर उंचीचा परग्रहवासी हेशो आपण आता राजा नसल्याचे बजावत राहतो आणि प्रजा मात्र त्याच्या शब्दाबाहेर जात नाही, हे वाचताना मी मोठ्याने हसलो. मॉरियुमुर या दुसऱ्या परग्रहवासीची गोष्ट वेगळी. जन्माआधी चाचणीपुरते काही महिने जगायला मिळालेल्या या जीवाला, घरच्यांनी नापसंत केले आणि खरा जन्मच नाकारला तर काय, ही धास्ती सतत पोखरत असते. शेवट तेवढा घाईचा वाटला.